डोक्याचा 'मुका मार' : टाके निघतात, लक्ष मात्र लागत नाही

नांदेड/लातूर : दुचाकी घसरली, डोके रस्त्यावर आपटले, काही क्षण शुद्ध हरपली. रुग्णालयात चार टाके पडले, सीटी स्कॅन झाला, अहवाल 'नॉर्मल' आला. दुसऱ्या दिवशी घरी सोडले. नातेवाइकांनी देवाचे आभार मानले, शेजाऱ्यांनी 'थोडक्यात निभावले' म्हटले आणि घरच्यांच्या दृष्टीने प्रकरण तिथेच संपले.

खरे प्रकरण कित्येकदा त्यानंतर सुरू होते. विद्यार्थी असेल तर पानभर वाचून होते आणि पहिल्या ओळीत काय होते तेच आठवत नाही. दुकानदार असेल तर सुटे पैसे देताना हिशेब चुकतो, गिऱ्हाइकावर विनाकारण आवाज चढतो. गृहिणी असेल तर गॅसवर दूध ठेवल्याचे विसरते आणि ते करपल्याचा वासही तिला येत नाही. डोके दुखते, झोप बिघडते, लग्नघरातला गोंगाट सहन होत नाही. घरचे म्हणतात, 'रिपोर्ट तर नॉर्मल आलाय, आता काय झालंय तुला?' या प्रश्नाला त्या माणसाकडे उत्तर नसते. हळूहळू तो स्वतःवरच संशय घेऊ लागतो.

रक्त न येता आतल्या आत बसलेल्या माराला आपल्याकडे 'मुका मार' म्हणतात. पाठीला, पायाला बसलेला मुका मार सर्वांना समजतो. मेंदूलाही असा मार बसतो आणि तो स्कॅनवर दिसलाच पाहिजे असे नाही, ही गोष्ट मात्र अजून घराघरांत पोचलेली नाही.

प्रश्न याच भागाचा का?

तुळजापूरहून औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहामार्गे नांदेडला आणि पुढे यवतमाळ, वर्ध्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ हा या दोन जिल्ह्यांना जोडणारा मुख्य रस्ता. त्यावर मालमोटारी, हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या दुचाक्या धावतात. डोक्याच्या दुखापतींत रस्ते अपघातांचा वाटा मोठा असतो. त्याखालोखाल धाब्यावरून, झाडावरून, न्हाणीघरात पडणे ही कारणे येतात.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला आणि ४ लाख ४३ हजार ३६६ जण जखमी झाले. मृतांपैकी ५० हजार २९ जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते. मृतांची आणि जखमींची गणती होते. जखमींपैकी किती जण पुन्हा पूर्वीसारखे वाचू, हिशेब करू, रागावर ताबा ठेवू शकले, याचा रकाना मात्र अशा अहवालात नसतो.

दुसरे कारण अधिक स्थानिक आहे. 'लातूर पॅटर्न'ची ख्याती ऐकून आणि नांदेडच्या शिकवणी वर्गांच्या ओढीने मराठवाड्यातील, विदर्भातील हजारो मुले या दोन शहरांत खोल्या घेऊन राहतात. २०२५ च्या 'नीट' परीक्षेत १८० मिनिटांत १८० प्रश्न होते. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. ज्या शहरात भवितव्य मिनिटांवर ठरते, तेथे विचारांचा वेग थोडा जरी मंदावला तरी त्याची किंमत मोठी असते. आणि नेमका तोच वेग डोक्याच्या मारानंतर सर्वांत आधी मंदावतो.

आत काय घडते?

मेंदू हा कवटीत घट्ट बसवलेला दगड नाही. तो मऊ असतो आणि द्रवात तरंगत असतो. वेगाने जाणारे डोके अचानक थांबले की मेंदू आत हिंदकळतो, पिळवटतो. कपाळामागचा आणि कानशिलामागचा भाग कवटीच्या खडबडीत तळावर घासला जातो. लक्ष देणे, नियोजन करणे, राग आवरणे ही कामे कपाळामागच्या भागाची. नवी आठवण साठवणे हे कानशिलामागच्या भागाचे. मारानंतर याच कामांत अडथळा का येतो, याचे उत्तर या रचनेत आहे.

याशिवाय मेंदूच्या एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला पोचवणारे सूक्ष्म तंतू ताणले जातात. ते तुटले नाहीत तरी काही काळ त्यांचे काम विस्कळीत होते. शहरातील सगळी घरे उभी आहेत, पण टेलिफोनच्या तारा ढिल्या झाल्या आहेत, अशी ही अवस्था. सीटी स्कॅन पडलेली भिंत दाखवतो, ढिली तार दाखवत नाही. हाड मोडले आहे का, रक्तस्राव झाला आहे का, तातडीने शस्त्रक्रिया हवी का, हे सांगणे हे त्याचे काम आणि ते तो चोख करतो. 'नॉर्मल' याचा अर्थ एवढाच, की जिवाला तातडीचा धोका दिसत नाही. एमआरआय अधिक बारकावे दाखवतो. तरी सौम्य दुखापतीत तोही पुष्कळदा निर्दोष येतो.

'सौम्य' या शब्दानेही गैरसमज होतो. ग्लासगो येथील टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी १९७४ मध्ये मांडलेले ग्लासगो कोमा स्केल आजही जगभर वापरले जाते. डोळे उघडणे, बोलणे आणि हातपाय हलवणे यांना गुण देऊन ३ ते १५ असा आकडा काढतात. १३ ते १५ गुण म्हणजे सौम्य, ९ ते १२ म्हणजे मध्यम, ८ किंवा कमी म्हणजे गंभीर. ही प्रतवारी त्या वेळच्या शुद्धीची असते. सहा महिन्यांनंतर माणूस कसा असेल, याची हमी ती देत नाही.

किती दिवस चालते?

दिलाशाची बाब अशी, की सौम्य मारानंतर बहुतेकांची डोकेदुखी, चक्कर, थकवा, विसराळूपणा काही आठवड्यांत ओसरतो. तीन महिन्यांनंतरही तक्रारी टिकल्या तर मात्र त्या 'होईल बरे' म्हणून सोडून देता येत नाहीत.

अमेरिकेतील ११ मोठ्या अपघात उपचार केंद्रांतील रुग्णांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डोक्याला सौम्य मार लागलेल्यांपैकी ५३ टक्के जणांना वर्षभरानंतरही दैनंदिन व्यवहारात काही ना काही मर्यादा जाणवत होती. हातापायाची हाडे मोडलेल्या, पण डोक्याला मार नसलेल्या रुग्णांत हे प्रमाण ३८ टक्के होते. या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. 'सौम्य' मार अनेकांसाठी वर्षभर पुरतो. आणि सगळाच त्रास मेंदूच्या मारामुळे होतो असेही नाही. अपघात, वेदना, बुडालेले काम, कर्ज यांचा भारही त्यात मिसळलेला असतो.

आळस, नखरे की 'बाहेरचे'?

हे दुखणे ओळखू न येण्याचे कारण म्हणजे त्याचे रूप स्वभावदोषासारखे असते. अभ्यासात लक्ष लागत नाही, तर 'आळशी झाला'. पटकन चिडतो, तर 'डोक्यात हवा गेली'. गर्दी टाळतो, तर 'माणूसघाणा झाला'. काही घरांत तर 'बाहेरची बाधा' म्हणून गंडेदोरे सुरू होतात आणि उपचाराचे मोलाचे महिने हातचे जातात.

मेंदूच्या इजेने स्वभाव बदलतो, हे वैद्यकशास्त्राला नवे नाही. १८४८ मध्ये अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गाच्या कामावरील फिनिअस गेज या मुकादमाच्या डोक्यातून सुरुंगाच्या स्फोटाने लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, चालू-बोलू लागला. पण पूर्वीचा शांत, भरवशाचा गेज राहिला नाही, असे त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. जॉन हार्लो यांनी नोंदवून ठेवले. गेजची इजा टोकाची होती. दुचाकीवरून पडलेल्याचे तसे होत नाही. पण कपाळामागचा मेंदू दुखावला की संयम दुखावतो, हे सूत्र तेच आहे.

आणखी एक गुंता आहे. अपघाताचा धसकाही झोप उडवतो, दचकवतो, लक्ष विचलित करतो. लातूर जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसे गेली आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना पुढे कित्येक वर्षे जरा भांडे पडले तरी धडकी भरत असे. मनाला बसलेला धक्का आणि मेंदूला बसलेला मार यांची लक्षणे एकमेकांत मिसळतात. एकाच माणसात दोन्ही असू शकतात. दोन्हींवर उपचार आहेत. म्हणूनच निदान घरी न करता डॉक्टरांकडून करून घ्यावे.

ही लक्षणे थांबू देत नाहीत

मारानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत पुढीलपैकी काहीही दिसले तर रुग्णालय गाठण्यास क्षणाचाही विलंब नको : वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या, जागे करूनही न उतरणारी गुंगी, झटका, एका बाजूच्या हातापायाची शक्ती जाणे, बोलणे अडखळणे, बुबुळांतील बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे, नाकातून किंवा कानातून पाणी अथवा रक्त येणे. महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू असलेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका अशा वेळी मोफत मिळते.

वृद्धांच्या बाबतीत धोका उशिरा येतो. न्हाणीघरात घसरून लागलेला किरकोळ मार घरचे विसरूनही जातात आणि दोन-चार आठवड्यांनी आजोबा गोंधळल्यासारखे बोलू लागतात, चालताना तोल जातो. 'वय झाले' असे समजून गप्प बसू नये. मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साचल्याने असे होऊ शकते. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असलेल्यांत आणि मद्यपींत ही शक्यता अधिक. वेळेत स्कॅन झाला तर कवटीला लहान छिद्र पाडून रक्त काढता येते आणि हरवलेले आजोबा पुन्हा भेटल्याचा अनुभव कुटुंबाला येतो.

उपाय काय?

पूर्वी डोक्याला मार म्हणजे अंधाऱ्या खोलीत पंधरा दिवस पडून राहणे, असा सल्ला असे. आता तो मागे पडला आहे. पहिले २४ ते ४८ तास शरीराला आणि मेंदूला आराम, त्यानंतर हलके चालणे आणि हळूहळू वाढवत नेलेले काम, ही आजची पद्धत. दीर्घकाळ पडून राहण्याने तब्येत सुधारत नाही, उलट उदासी वाढते.

विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी दहा तासांच्या वेळापत्रकावर झेप घेऊ नये. वीस-पंचवीस मिनिटे वाचन, मग विश्रांती. त्रास फारसा न वाढता हे जमले की वेळ वाढवावी. सराव परीक्षा सर्वांत शेवटी. शिकवणी वर्गांनी अशा मुलाला काही आठवडे कमी तास, पुढचा बाक आणि छापील टिपणे दिली, तर वर्ष वाया जाण्याचा धोका बराच कमी होईल. पालकांनीही गुणांची तुलना अपघाताआधीच्या गुणांशी लगेच करू नये.

विसराळूपणावर वही हे साधे आणि गुणकारी साधन आहे. कामाची यादी, मोबाइलचा गजर, औषधांचा ठरलेला डबा, एका वेळी एकच काम, हे सारे मेंदूवरचा भार हलका करतात. ज्याचा वास ओळखण्याचा गुण गेला आहे, त्याच्या घरी गॅसची नळी आणि शेगडीची कळ दुसऱ्या कुणीतरी रोज तपासावी. झोपेची वेळ ठरलेली असावी. दारू पूर्ण बंद. चक्कर आणि मंद प्रतिसाद असेपर्यंत वाहन चालवणे बंद, आणि पहिला मार बरा होण्याआधी दुसरा बसणार नाही याची विशेष काळजी.

औषधांबाबत दोन सावधगिरीच्या सूचना. रोजच्या डोकेदुखीसाठी दुकानातून आणलेली वेदनाशामके महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस घेत राहिल्यास त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. दुसरे, 'मेंदूचे टॉनिक' म्हणून घेतल्या जाणाऱ्या औषधांवर फार भिस्त ठेवू नये. त्यांपैकी सिटिकोलिन या औषधाची डोक्याला मार लागलेल्या १,२१३ रुग्णांवर झालेली मोठी चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. ९० दिवसांच्या उपचारानंतर औषध घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत फरक आढळला नाही. अर्थात डॉक्टरांनी दिलेले औषध, विशेषतः झटक्यांवरचे, परस्पर बंद करणे धोक्याचे आहे.

दाद कुठे मागावी?

नांदेडला विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था ही या भागातील मोठी सरकारी रुग्णालये. तीन महिन्यांनंतरही लक्षणे टिकली तर मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदू शल्यचिकित्सक यांच्याबरोबरच मानसोपचार विभागाचाही सल्ला घ्यावा. 'मानसोपचार' या शब्दाने बिचकण्याचे कारण नाही. लक्ष, स्मरण आणि विचारांचा वेग यांची पद्धतशीर चाचणी घेऊन नेमके काय कमी पडते आहे हे सांगणारे तज्ज्ञ मानसशास्त्र क्षेत्रातलेच असतात. अशी चाचणी आणि त्यावर आधारलेले प्रशिक्षण यांसाठी बंगळुरूची 'निम्हान्स' ही संस्था देशभर ओळखली जाते. पुनर्वसनासाठी मुंबईत हाजीअली येथे केंद्र सरकारची 'ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन' आहे. मन खचले असेल तर 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर घरबसल्या बोलता येते. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे.

कागद जपून ठेवा

रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या योजनेत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचाराची सोय आहे. जीव वाचवण्यासाठी ती मोलाची आहे. पण या लेखातील दुखणे आठव्या दिवसानंतरचे आहे आणि तिथून पुढचा बराच भार कुटुंबालाच उचलावा लागतो.

म्हणून सुरुवातीच्या कागदांना महत्त्व आहे. हात मोडला असेल तर डिस्चार्ज कार्डावर हाताचीच नोंद ठळक होते आणि 'पाच मिनिटे बेशुद्ध', 'अपघात आठवत नाही' ही वाक्ये राहून जातात. ती लिहून घ्यावीत. वर्षभराने तक्रार उद्भवली तर तिचा धागा त्या अपघाताशी जोडणारा तोच पुरावा असतो. नुकसानभरपाईच्या दाव्यातही त्याचा उपयोग होतो. शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईची क्षमता गमावण्याचे प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जखमी माणूस कोणते काम करत होता आणि आता काय करू शकतो, हे न्यायाधिकरणाने पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मधील एका निकालात स्पष्ट केले आहे. हिशेबनीसाचे हातपाय धड असले तरी आकडे जुळत नसतील, तर त्याचे नुकसान मोठे आहे, हे यातून मांडता येते. २०१९ च्या कायदा दुरुस्तीने दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत आणली असल्याने वकिलाचा सल्ला लवकर घेणे हिताचे.

अपंग हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या अपंगत्वांची यादी आहे. त्यात डोक्याची दुखापत हा स्वतंत्र प्रकार नाही. त्यामुळे प्रमाणपत्र हवे असल्यास दुखापतीतून उद्भवलेल्या अपंगत्वाची, उदाहरणार्थ वाचादोष किंवा मानसिक आजार, तपासणी करून घ्यावी लागते.

हेल्मेट आणि एक प्रश्न

या सर्वांवरचा स्वस्त उपाय दुकानात टांगलेला आहे. जगभरातील अभ्यासांच्या एकत्रित पाहणीनुसार हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो. कायद्याने ते मागे बसणाऱ्यालाही आणि चार वर्षांवरील मुलालाही सक्तीचे आहे. मराठवाड्याच्या उन्हात ते नकोसे वाटते, हे खरे. पण पट्टा न लावता कोपरात अडकवलेले हेल्मेट कोपराचेच रक्षण करते.

ज्यांना मार लागून गेला आहे, त्यांच्यासाठी मात्र घरच्यांचे एक वाक्य बदलणे पुरेसे आहे. 'रिपोर्ट नॉर्मल आहे, मग तुला काय झाले?' याऐवजी 'रिपोर्ट नॉर्मल आहे, तरी तुला काय होते आहे ते सांग,' असे विचारावे. मुक्या माराला बोलते करण्याची सुरुवात त्या प्रश्नाने होते.